ज्याचा नारळ फुटला

मशीन न्यायला आलेला माणूस आमच्या हॉलमध्ये उभा, खाली त्याचा टेम्पो उभा, आणि आजोबा मशीनवरून उठायलाच तयार नाहीत.

"काका, मी ऑनलाइन बघून आलोय," तो बिचारा म्हणाला. "रोइंग मशीन. तुमच्या मुलाशी बोलणं झालंय माझं."

"मग मुलाला घेऊन जावा," आजोबा म्हणाले आणि हात मारत राहिले. सीट मागे, पुढे, मागे, पुढे. समोरच्या चाकातून वारा सुटलेला, त्या माणसाच्या शर्टाची कॉलर हलत होती.

"अजून किती वेळ चालेल?"

"नदीपर्यंत जाऊन येतो."

नाझ, हसू नकोस ना. मला अजून राग येतो. आता मी नोकरीला लागलेय, तरी ते सगळं आठवलं की माझे कान गरम होतात. मी अकरावीत होते तेव्हा. तुम्ही दोघींनी आमचा विश्रामबागचा फ्लॅट बघितलाय, तीच ती बाल्कनीजवळची जागा. ते मशीन बाबांनी स्वतःच्या पोटासाठी घेतलं होतं. चार-पाच दिवस बसले असतील. मग त्याच्यावर टॉवेल आले, मग आईचे ब्लाउज, मग अख्खं धुणंच. पावसाळ्यात तर आम्ही त्याला मशीन म्हणायचं पण विसरलो होतो, 'दांडीवर टाक' म्हणायचो.

आणि एक दिवस आजोबांनी ते सगळे कपडे गोळा करून सोफ्यावर टाकले आणि स्वतः बसले. त्यांना डॉक्टरांनीच सांगितलं होतं. साखर वाढलीय, गुडघे झिजलेत, फार चालू नका, पण नुसतं बसून पण राहू नका, गुडघ्यावर वजन येणार नाही असं काहीतरी करा. ह्या मशीनवर सगळं वजन सीटवर असतं, पाय फक्त ढकलायचे. म्हणजे डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं की नाही? पण बाबा ऑफिसवरून आले आणि दारातच थांबले.

"अण्णा, ते तुमच्यासाठी नाही."

"मग कुणासाठी आहे? टॉवेलांसाठी?"

आजोबा म्हणजे शिदू अंबी. एसटीच्या वर्कशॉपमध्ये जन्म गेला, पण गावाकडं, खोलेवाडीत, त्यांना एसटीवाला कुणी म्हणत नाही. तिथं ते होडीवाले. कृष्णेच्या होड्यांच्या शर्यती तुम्हाला माहितीयेत ना, आमच्या भैरोबा बोट क्लबच्या होडीत पुढचं वल्हं त्यांचं असायचं. त्यामुळं मशीनवर बसल्यावर पहिल्यांदा ते जाम वैतागले. मी त्यांना व्हिडिओ दाखवला, की आजोबा, ह्या मशीनची जी खरी बोट असते ना, ती आपल्या पाठीच्या दिशेनं जाते. आपण बघतो ते मागं पडलेलं.

"पाठ करून जायला मी काय चोर हाय?" म्हणाले. "आपली होडी तोंडाकडंच जाणार." आणि चाकाकडं बघून हात मारायला लागले.

पहिल्या दिवशी त्यांना लगेच धाप लागली. दुसऱ्या दिवशी पण. मी शेजारी बसून मोठ्यानं मोजायचे तर म्हणाले, "मोजू नको. चाकाचं ऐक. त्याचा आवाज पडायच्या आत पुढचा हात पडला पाहिजे." मग मी ऐकायला लागले आणि त्या आवाजावर 'हां… हां…' म्हणायला लागले. त्यांचं झालं की मला बसवायचे. माझे खांदे वर जायचे तर मागून बोटानं दाबायचे. एकदा नुसते बघत बसले, आणि मग म्हणाले, "केतकी, तुझा हात होडीचा हाय." मला वाटलं, असंच म्हणतायत.

मग नारळ आला.

हे नीट ऐका, कारण सगळं भांडण ह्याच्यावरनंच आहे. आमच्या क्लबात पूर्वीपासनं एक रीत आहे. होडीत कोण बसणार हे ठरलं की क्लबचा माणूस त्याच्या घरी नारळ घेऊन येतो. बोलायचं काही नाही. नारळ हातात घेतला म्हणजे शब्द दिला. तो देवघरात ठेवायचा. शर्यतीच्या दिवशी होडीसमोरच्या पायरीवर आपापला नारळ आपण फोडायचा, पाणी होडीवर शिंपडायचं, आणि बसायचं. आणि एकदा नारळ फुटला की त्या गड्याला होडीतनं कुणी उठवू शकत नाही. त्याला उठवून होडी पाण्यात घातली तर नदी खवळते, म्हणायचे.

तर क्लबचा नवा अध्यक्ष धनराज, पांढरी गाडी घेऊन, आमच्या घरी आला. चहा घेतला. "अण्णा, यंदा क्लबला पन्नास वर्षं होतायत. शर्यतीला घाटावर यायचं. तुमच्याशिवाय नको," म्हणाला आणि नारळ दिला. नारळाला गुलाबी रिबीन होती. आजोबांनी दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला. धनराज गेल्यावर रिबीन सोडली. "ह्याला कशाला गजरा," म्हणाले. ती रिबीन मी माझ्या प्रोजेक्टच्या फाइलला लावली, आणि नारळ गेला देवघरात.

त्या दिवसापासनं आजोबा वेगळेच झाले. सकाळी मी उठायच्या आत चाकाचा आवाज चालू. रात्रीचा भात बंद, चहातली साखर बंद. आई म्हणायची, एवढं तर डॉक्टरांचं पण ऐकलं नव्हतं. पँटचा पट्टा एक भोक आत गेला. जिना चढताना मधल्या मजल्यावर थांबायचं बंद झालं.

आणि बाबांचं काय, तर रोज एकच. "अण्णा, सत्तरी आली. पुराचं पाणी आहे. काही झालं तर लोक मला विचारतील."

"तुला काय विचारतील?"

"म्हाताऱ्याला पाण्यात कसा सोडलास म्हणून."

"मी काय गणपती हाय, तू सोडायला?"

बाबांनी विषय बदलून बघितला. "आणि अण्णा, ऑफिसात आम्ही नारळ कधी देतो माहितीये ना? माणसाला घरी पाठवायचं असतं तेव्हा." आणि स्वतःच हसले. आजोबा हसले नाहीत. ते देवघराकडं बघत होते.

मग बाबांनी काय केलं? गुपचूप त्या मशीनचा फोटो काढून विकायला टाकलं. आम्हाला कुणाला पत्ता नाही. म्हणून तो टेम्पोवाला हॉलमध्ये.

तर तो थांबला. आईनं त्याला पाणी दिलं. तो खुर्चीत बसला. आजोबांचा हात एकसारखा पडत होता आणि मी 'हां… हां…' म्हणत होते, मुद्दाम जरा जोरातच. बऱ्याच वेळानं तो उठला.

"काकांचं वय काय?" त्यानं मला विचारलं. मी सांगितलं. मग तो म्हणाला, "माझ्या वडिलांसाठी बघत होतो मी. ते पलंगावरनं उठत नाहीत." आणि दारात चप्पल घालताना म्हणाला, "ह्यांचं झालं की फोन करा. पण घाई नाही."

संध्याकाळी बाबा घरी आले तर मशीन जागेवर, आणि आजोबा त्याच्याशेजारी पेपर वाचत बसलेले. बाबांनी कपडे बदलले आणि टॉवेल बाल्कनीतल्या दोरीवर टाकला.

शर्यतीच्या दिवशी आम्ही सगळे खोलेवाडीला गेलो. आजोबांनी नवीन धोतर नेसलेलं आणि आतून निळी हाफ चड्डी, म्हणजे घाटावर धोतर सोडलं की तयार. नारळ फडक्यात गुंडाळून काखेत. नदी दोन्ही काठ भरून चालली होती, घाटाच्या बऱ्याच पायऱ्या पाण्याखाली. माणसं एवढी की चप्पल ठेवायला जागा नाही. आणि वरच्या बाजूला मांडव. मांडवात खुर्च्या, पांढरी कापडं घातलेल्या, मागं बो बांधलेला, लग्नात असतात तशा. त्यातल्या एका खुर्चीवर चिठ्ठी, 'श्री. शिदू अंबी'.

आजोबांनी चिठ्ठी वाचली. बसले नाहीत. धनराज फेटा बांधून इकडून तिकडं पळत होता, त्याला थांबवलं.

"धनराज, माझं वल्हं कुठलं?"

"वल्हं?" तो हसला. "अण्णा, तुम्ही आता कशाला वल्हं धरताय. तुम्ही नुसता आशीर्वाद द्या. सत्कार आहे तुमचा."

"नारळ आलाय माझ्या घरी."

"तो सगळ्यांकडंच पाठवलाय की. सरपंच, डॉक्टर, फ्लेक्सवाला, सगळे. निमंत्रण म्हणून. कार्डापेक्षा बरा दिसतो, आणि आपली परंपरा पण होती ना काहीतरी नारळाची."

काहीतरी. नाझ, तो म्हणाला 'काहीतरी'. मी तिथंच उभी होते. माझ्या डोळ्यांसमोर ती गुलाबी रिबीन आली. म्हणजे ह्या माणसाला माहितीच नव्हतं की त्यानं कुणाच्या हातात काय ठेवलंय. त्याला नारळ आणि मिठाईचा बॉक्स सारखाच. आणि मागं वळून बघितलं तर आमचे बाबा हसत होते. धनराजसारखं नाही. सुटल्यासारखं. मला त्यांचा एवढा राग आला ना, की मी दोन पावलं लांब जाऊन उभी राहिले.

आजोबा बसले. काय करणार, मागचे लोक 'बसा, बसा' करायला लागले. माइकवाला म्हणाला, "वयाच्या सत्तरीतही ज्यांची स्मरणशक्ती तल्लख आहे असे," आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. स्मरणशक्ती. ह्या माणसानं किती वेळ हात मारून दंड कमावलेत, आणि ह्यांना स्मरणशक्ती. मग शाल. एवढ्या उकाड्यात ती जाड, निळी, टोचणारी शाल दोन्ही खांद्यांवर दाबून बसवली. आणि एक श्रीफळ. आता मांडीवर दोन नारळ, एक घरचा फडक्यातला, एक सत्काराचा, आणि मध्ये आजोबा. शेजारी पैलतीरच्या उमळ्याच्या क्लबचे रामू तात्या बसले होते, त्यांना पण शाल. आजोबा आणि ते जन्मभराचे वैरी. दोघं पुढच्या वल्ह्यावरचे. दोन काठांवरनं एकमेकांना शिव्या देत म्हातारे झाले.

"शिदू," तात्या हळूच म्हणाले, "आपल्याला गुंडाळून ठेवलंय की रे. पापडासारखं."

आजोबांचे पाय हलत होते. पुढं, मागं. मी ओळखलं. सीट सरकत होती.

मग माइकवरनं होडीतल्या गड्यांना खाली बोलावलं. सगळे उतरले, मोबाइलवर फोटो, जयजयकार. नारळ फोडायला कुणाच्याच हातात नारळ नव्हता. धनराजनं एकच फोडला, सगळ्यांच्या वतीनं. आणि आजोबा उठले.

सत्काराचा नारळ माझ्या हातात दिला. "हा धर. नीट धर," म्हणाले. मी धरला. शाल खांद्यावर तशीच, घरचा नारळ हातात, गुडघ्यांवर हात न ठेवता ते पायऱ्या उतरायला लागले. लोकांना वाटलं आशीर्वाद द्यायला निघालेत, वाट दिली. पाण्याजवळच्या पायरीवर बसले, फडकं सोडलं, आणि एका दणक्यात नारळ फोडला. पाणी होडीवर शिंपडलं. उठले. धोतर सोडलं. निळी चड्डी.

कुणी हसलं. मग बरेच हसले. धनराज पळत खाली. "अण्णा, हे काय करताय, लहान पोरासारखं. साहेब, ह्यांना वर घ्या." 'साहेब' म्हणजे बाबा. बाबा पण पळाले, आजोबांचा दंड धरला.

"चला वर. पुरे झालं."

"बाबा, सोडा," मी म्हणाले. मी कधी बाबांना असं म्हणाले नव्हते. "ते जिना न थांबता चढतात. तुम्ही थांबता."

बाबांनी माझ्याकडं बघितलं. हात सोडला नाही, पण ओढायचं थांबले. आणि तेवढ्यात वरनं, मांडवातनं आवाज आला. फाटका, पण असा की पैलतीरावरच्या माणसांनी माना वळवल्या.

"नारळ फुटलाय त्याचा. बसवा त्याला."

रामू तात्या. खुर्चीवरनं उठून, शाल खाली पडलेली. "ए फेटेवाल्या, तुला रीत म्हाईत न्हाय, तुझ्या आज्याला म्हाईत होती. नारळ फुटलेला गडी काठावर ठेवून होडी सोडणार असशील तर उमळ्याची होडी आज पाण्यात उतरणार न्हाय. मला असली शर्यत नको."

उमळ्याची होडी नसली तर शर्यतीत राम काय, म्हटल्यावर धनराजचं तोंड बघण्यासारखं झालं. होडीत पुढच्या वल्ह्यावर त्याचाच भाचा बसला होता, गॉगल लावून. तात्यांनी बोट दाखवलं. "त्या चष्म्याला उठवा." भाचा उठला. खरं तर पटकन उठला, पाण्याकडं बघून त्याचीच फाटली होती. आजोबा बसले. बाबांनी दंड सोडून पायरीवरचं धोतर उचललं, आणि वरनं आजोबांनी शाल पण काढून त्यांच्याकडं दिली.

मला शर्यत धड दिसली नाही. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि हातात नारळ, पुसणार कशानं. पण मी 'हां… हां…' म्हणत होते आणि आजोबांचं वल्हं त्याच्यावर पडत होतं, खोटं सांगत नाही. बाकीचे पुढं-मागं व्हायचे, मग त्यांचं बघून लागायला लागले. बाबा काठाकाठानं चिखलातनं पळत होते, धोतर छातीशी धरून, ऑफिसच्या बुटांत. शेवटी 'अण्णा, ओढा' म्हणून ओरडत होते. हो, बाबा. नंतर विचारलं तर म्हणाले, मी नव्हे.

सगळ्या होड्यांत आम्ही दुसरे आलो. उमळे पहिलं. होडीचं टोक तेवढं मागं.

आणि ऐका, खरा राग तर पुढंच आहे. जेवणाच्या पंगतीत सगळीकडं एकच. म्हाताऱ्यामुळं गेलं. पन्नास वर्षांचा मान म्हाताऱ्यानं घालवला. अरे, मागच्या वर्षी तुम्ही शेवटून पहिले होता. त्याच्या मागच्या वर्षी तुमची होडी फिरून भलतीकडं गेली होती. तेव्हा म्हातारा कुठं होता होडीत? हे कुणीच बोललं नाही. दुसरे आलो हे पण कुणी म्हणालं नाही. पुढच्या वर्षीपासनं क्लबनं नियम केला, पन्नाशीच्या वर कुणाला होडीत घ्यायचं नाही. शाल मात्र सगळ्यांना. आजोबांनी त्यांची शाल मशीनच्या सीटवर घातली. टोचते, पण घसरत नाही, म्हणाले.

पण मला नारळाचं सांगायचंय. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी आई स्वयंपाकघरात चटणीला नारळ फोडायला बसली. तो सत्काराचा, जो मी आदल्या दिवशी घरापर्यंत हातात धरून आणला होता. आजोबा मशीनवर होते. हात थांबवला.

"सूनबाई, तो नको फोडू. तिचा हाय तो."

"कुणाचा?"

"केतकीचा. मी दिलाय तिला. घाटावर, सगळ्यांच्या समोर. तिनं घेतला."

आई कोयता धरून तशीच. बाबा पेपरातनं वर बघायला लागले. "अण्णा, मुली कुठं बसतात होडीत?"

"न्हाय बसत," आजोबा म्हणाले. "मी पण कुठं बसणार होतो." आणि परत चाकाचा आवाज सुरू.

मी तो नारळ देवघरात ठेवला. तेव्हापासनं तो तिथंच होता, आज काढलाय. आतलं पाणी कधीच आटलं, हलवला की गोटा वाजतो. हातात घेऊन बघ, वाजतो की नाही? मी रोज बसते मशीनवर. त्या शालीवर. आजोबा आता एवढे हात मारू शकत नाहीत, पण थोडे मारतातच, आणि साखर त्या डॉक्टरांपेक्षा चांगली आहे त्यांची. दरवर्षी मी क्लबला विचारते. दरवर्षी धनराज म्हणतो, बघू, मुलींचं वेगळं काहीतरी करू, रांगोळी वगैरे.

रांगोळी.

म्हणून तुम्हाला बोलावलंय. उद्या शर्यत आहे. मला वल्हं मारायला कुणी नकोय, ते मी बघते. मी खाली पायरीपर्यंत जाणार आणि हा नारळ फोडणार, पाणी नसलं तरी फोडणार. पण रामू तात्या मागच्या वर्षी गेले, आणि आजोबांचा आवाज आता लांब जात नाही. तुम्ही दोघी फक्त वर मांडवात उभ्या राहा. नारळ फुटल्यावर कुणीतरी ओरडायला पाहिजे.